नवा धंदा, हातात मोबाइल : कोल्हापूरच्या छोट्या व्यावसायिकानं कुठल्या वेबसाइटवर जावं आणि कुठली बातमी खरी मानावी

कोल्हापुरात नवं दुकान उघडलं की पहिल्याच महिन्यात दोन गोष्टी हमखास दारात येतात. एक, उधारीवर माल मागणारा लांबचा पाहुणा. दुसरी, ‘उद्यम काढून देतो, दोन हजार पाठवा’ म्हणणारा फोन. पाहुण्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. फोनवाल्याला मात्र एक पैसा देऊ नका, कारण उद्यम म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आणि ती सरकार फुकट देतं. पुढं सगळं हेच सांगायचं आहे: फॉर्म असो वा बातमी, मूळ जागेवरून घ्या. चपलेचं दुकान असो, शिरोलीतला छोटा वर्कशॉप असो, हुपरीचं चांदीकाम असो की गुळाचं पॅकिंग, सुरुवातीच्या पायऱ्या साधारण सारख्याच आहेत.

पायरी पहिली: पत्ता ओळखायला शिका

गुगलवर ‘उद्यम रजिस्ट्रेशन’ टाकलं की वरचे निकाल बऱ्याचदा जाहिरातीचे असतात. वर बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, ते घाईत दिसत नाही. पान उघडलं की तिरंगा, अशोकचक्रासारखं काहीतरी, आणि खऱ्या फॉर्मसारखाच फॉर्म. नाव, आधार, पॅन, मोबाइल सगळं भरून घेतात आणि शेवटी पैसे भरायचं बटण येतं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं की ही खासगी सल्लागार संस्था आहे. म्हणजे कायद्यानं ते बऱ्याचदा सुटतात. तुमचे पैसे गेले ते गेले, वर आधार आणि पॅनही परक्याच्या हातात पडलं.

म्हणून पहिली सवय: शोधू नका, पत्ता हातानं टाइप करा आणि शेवट बघा. केंद्राची आणि राज्याची बहुतेक अधिकृत ठिकाणं ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ वर संपतात. संपतात हे महत्त्वाचं. मध्येच कुठंतरी ‘गव्ह’ आणि शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ओआरजी’ असेल तर मागं फिरा. याला अपवाद आहेत. कर्जासाठीचं जनसमर्थ पोर्टल नुसत्या ‘डॉट इन’ वर आहे, एमआयडीसीची वेबसाइट ‘डॉट ओआरजी’ वर आहे. अशा ठिकाणी एखाद्या सरकारी पानावरच्या लिंकवरून गेलेलं बरं.

बँकांच्या बाबतीत आता काम सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर यायला सांगितलं होतं. तो पत्ता बँकेशिवाय कुणाला मिळत नाही. तुमच्या सहकारी बँकेच्या नावानं दुसऱ्याच पत्त्याची लिंक मेसेजमध्ये आली, तर ती उघडायचीच नाही.

खरी ठिकाणं एकदा सापडली की मोबाइलच्या ब्राउझरमध्ये बुकमार्क करून ठेवा. तुमच्या कामाची पाच-सहाच असतात, बोटाच्या टोकावर राहतात.

पायरी दुसरी: उद्यम नोंदणी, स्वतःच्या हातानं

ही नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे. फी शून्य, कागदपत्रं अपलोड करायची नाहीत, नूतनीकरण नाही. मालकाचा आधार, त्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि पॅन लागतं. जीएसटी असेल तर तो क्रमांक. ओटीपी येतो, तो स्वतः टाकायचा. दुसऱ्याला फोनवर सांगायचा नाही, मग तो कितीही गोड बोलू दे.

फॉर्ममध्ये नवखा माणूस एकाच जागी अडतो, ती म्हणजे व्यवसायाचा एनआयसी कोड, म्हणजे धंद्याच्या प्रकाराचा सरकारी क्रमांक (वेबसाइटच्या पत्त्यातल्या ‘एनआयसी’शी याचा संबंध नाही). पाच आकडी कोड यादीतून निवडायचा असतो. चामड्याच्या चपला बनवणाऱ्यांसाठी 15201, उसापासून गूळ करणाऱ्यांसाठी 10722. इथं नीट विचार करा. चपला तुम्ही स्वतः बनवून विकता की कारागिराकडून घेऊन नुसत्या विकता? पहिला उत्पादक, दुसरा व्यापारी. व्यापाऱ्यालाही उद्यम मिळतं, पण 2021 मध्ये व्यापाऱ्यांना आत घेतलं ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतंच. थकलेल्या बिलांसाठीचं संरक्षण उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. घाईत ‘ट्रेडिंग’ निवडलेल्या कारागिराला हा फरक बिल अडकल्यावर कळतो, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. दोन्ही करत असाल तर दोन्ही कोड टाका. एकाच नोंदणीत अनेक कोड चालतात.

नाव जीएसटीवर आहे तसंच्या तसं लिहा, एका मात्रेचाही फरक नको. बँकेतला साहेब तोच फरक शोधत बसतो.

1 एप्रिल 2025 पासून मर्यादा वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत असेल तर तुम्ही ‘सूक्ष्म’. लघुउद्योगाला हेच आकडे 25 कोटी आणि 100 कोटी. म्हणजे उद्यमनगरातले बरेच वर्कशॉप सूक्ष्ममध्येच बसतात.

प्रमाणपत्राची पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा आणि उद्यम क्रमांक बिलबुकावर छापून घ्या. हा सल्ला फुकटचा वाटेल, पण पाचव्या पायरीत तोच कामाला येतो.

पायरी तिसरी: जीएसटी लागतो का ते आधी बघा

वर्षाची उलाढाल वस्तूंच्या धंद्यात 40 लाखांच्या आणि सेवेच्या धंद्यात 20 लाखांच्या आत असेल, आणि माल राज्याबाहेर जात नसेल, तर साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही. बेळगाव इथून हाकेच्या अंतरावर आहे खरं, पण ते कर्नाटक. निपाणीच्या दुकानदाराला माल पाठवला तरी तो आंतरराज्य व्यवहार होतो. कोल्हापूरच्या नव्या व्यावसायिकाला ही गोष्ट हमखास चुकवते. हाती बनवलेल्या काही वस्तूंना यात सवलत आहे, पण तुमची वस्तू त्यात बसते का ते अंदाजानं ठरवू नका, सीएला विचारा.

दीड कोटींपर्यंतच्या व्यापाऱ्याला-उत्पादकाला कंपोझिशन योजना आहे. कर कमी, तिमाहीला एक चलन, वर्षाला एक विवरणपत्र. पण गिऱ्हाइकाला कराचं क्रेडिट देता येत नाही आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही. मोठ्या कंपन्यांना जॉबवर्क करणाऱ्या फाउंड्रीवाल्यानं या वाटेला जाऊ नये. महाद्वार रोडवरच्या किरकोळ दुकानाला मात्र ती सोयीची पडते.

जीएसटी पोर्टलच्या मुख्य पानावरच ‘न्यूज अँड अपडेट्स’ असा भाग आहे. मुदतवाढ झाली का, पोर्टल बंद आहे का, नवीन नियम कधीपासून, हे आधी तिथं येतं आणि मग ग्रुपवर. तुमचा हिशोब सीए बघत असला तरी लॉगिन आणि पासवर्ड तुमच्याकडं हवाच. नोंदणीला मोबाइल नंबरही तुमचाच द्या, त्यांच्या ऑफिसातल्या पोराचा नको. पोरगं नोकरी सोडून गेलं की ओटीपी त्याच्या खिशात जातो.

पायरी चौथी: बाकीचे परवाने, थोडक्यात

शॉप अ‍ॅक्ट ‘आपले सरकार’ पोर्टलवरून. कामगार कमी असतील तर 2017 च्या कायद्यानुसार नोंदणी नव्हे, नुसती सूचना द्यायची असते. गूळ, काकवी, चटणी, लोणचं, फरसाण विकत असाल तर अन्नसुरक्षेचा परवाना फॉस्कॉस पोर्टलवर. लहान व्यावसायिकाची मूळ नोंदणी वर्षाला 100 रुपयांत होते, तीही एजंटकडून हजारात घेतलेली माणसं आहेत. गूळवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा: सुटा गूळ जीएसटीमुक्त, पण लेबल लावून पॅक केलेल्या पुड्याला 18 जुलै 2022 पासून 5 टक्के लागतो.

सोन्या-चांदीवाल्यांनी हॉलमार्क तपासायचं बीआयएस केअर हे अ‍ॅप घेऊन ठेवावं. हॉलमार्कच्या सोन्याला सहा अंकी-अक्षरी ओळख क्रमांक (एचयूआयडी) 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचा आहे, चांदीला 1 सप्टेंबर 2025 पासून ऐच्छिक. गुजरीतलं गिऱ्हाईक आता काउंटरवर उभं राहून अ‍ॅपमध्ये नंबर टाकून बघतं. तुम्हीच आधी दाखवलात तर भाव करताना तुमची बाजू वरचढ राहते.

पायरी पाचवी: अडकलेला पैसा

इथं जरा थांबू, कारण नवा धंदा बसतो तो तोट्यानं कमी आणि उधारीनं जास्त.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या पट्ट्यात कास्टिंग आणि मशिनिंगचं काम करणाऱ्यांचं बिल मोठ्या कंपनीकडं 60-90 दिवस सहज पडून राहतं. 2006 चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायदा सांगतो की सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही मासिक चक्रवाढीनं. 1 एप्रिल 2024 पासून आयकराचा चापही आहे: असे पैसे वेळेत दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत दाखवता येत नाही.

तक्रार केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन करता येते. ती पुढं अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडं जाते. उद्यम क्रमांक, बिल आणि पर्चेस ऑर्डर एवढं जवळ हवं.

आता खरं बोलू. तक्रार केली की पुढची ऑर्डर तुटते, ही भीती खोटी नाही. म्हणून मी लोकांना सांगतो, तक्रारीचं हत्यार शेवटी काढा. आधी बिलावर उद्यम क्रमांक आणि ‘45 दिवसांत देय’ एवढी एक ओळ छापा. मार्च महिन्यात त्यांच्या अकाउंट्स खात्याला साधा ईमेल टाका: आम्ही सूक्ष्म उद्योग आहोत, सोबत प्रमाणपत्र जोडलं आहे, अमुक बिलं बाकी आहेत. आयकराच्या भीतीनं बरीच बिलं 31 मार्चच्या आत सुटतात. भांडण नाही, तक्रार नाही, नुसती कागदाची आठवण.

दुसरा मार्ग ट्रेड्सचा, म्हणजे बिलांवर लवकर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन बाजाराचा, आणि तो आपल्याकडं फार कमी लोक वापरतात. आरएक्सआयएल, एम-वन एक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट अशी रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची ठिकाणं आहेत. तुम्ही बिल चढवता, कंपनी ते मान्य करते, बँका त्यावर व्याजदराची बोली लावतात, तुम्ही स्वस्त बोली निवडता आणि बिलाचे पैसे थोडा कट जाऊन लगेच खात्यावर येतात. पुढं कंपनीनं पैसे बुडवले तर बँक तुमच्या दारात येत नाही. 250 कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना इथं नोंदणी सक्तीची केली आहे. म्हणून मोठ्या गिऱ्हाइकाला थेट विचारा: ‘साहेब, तुम्ही ट्रेड्सवर आहात ना? माझं बिल तिथं घ्याल का?’ ‘बघतो’ म्हणाले तर आठवड्यानं पुन्हा विचारा.

कर्ज हवं असेल तर जनसमर्थ पोर्टल. मुद्रा कर्जाची मर्यादा ऑक्टोबर 2024 पासून 20 लाख झाली आहे, पण वरचा टप्पा मुद्राच्याच ‘तरुण’ गटातलं आधीचं कर्ज व्यवस्थित फेडलेल्यांनाच. चप्पल कारागीर, सोनार, कुंभार, शिंपी यांच्यासाठी पीएम विश्वकर्मा आहे: प्रशिक्षण, अवजारांसाठी 15 हजार, आणि 5 टक्के व्याजानं आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाख. त्याची नोंदणी सीएससी (सामायिक सेवा) केंद्रात होते आणि फुकट होते. अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना कोल्हापुरात सगळ्यांना तोंडपाठ आहे, तिचा अर्ज राज्याच्या महास्वयंम पोर्टलवर.

पायरी सहावी: गिऱ्हाइकाला सापडा

नवरात्रात अंबाबाईला आलेला माणूस बिंदू चौकात गाडी लावतो आणि मोबाइल काढतो. ‘कोल्हापुरी चप्पल जवळपास’ असं काहीतरी टाकतो. त्यात तुम्ही दिसला नाहीत तर तुम्ही त्या गल्लीत आहात हे त्याच्या लेखी खोटंच.

गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. पडताळणीसाठी बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात: रस्ता, बोर्ड, आतलं दुकान, गल्ला उघडताना तुमचा हात. एका दमात, न थांबता काढायचा. नकाशावरची खूण स्वतः सरकवून बरोबर दारावर लावा. आपल्या जुन्या पेठांत एक गल्ली चुकली की माणूस देवळाला वळसा घालून दुसऱ्याच्याच दुकानात शिरतो. वेळ खरी लिहा. दुपारी जेवायला बंद ठेवत असाल तर तेही लिहा, उगाच दिवसभर उघडं दाखवून शिव्या खाऊ नका.

मग फोन येतील: ‘गुगलमधून बोलतोय, तुमचं लिस्टिंग उद्या बंद होणार, तीन हजार भरा.’ गुगल प्रोफाइल ठेवायचे पैसे घेत नाही. फोन ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेससाठी वेगळं सिम घ्या. कॅटलॉगमध्ये फोटो टाकताना चप्पल पायात घातलेली, तळव्याची शिलाई आणि वेणी जवळून, असे तीन फोटो पुरतात. मापाच्या तक्त्याचा फोटो एकदाच तयार करून ‘क्विक रिप्लाय’मध्ये ठेवा. दिवसातनं दहा वेळा ‘8 नंबर म्हणजे किती?’ हा प्रश्न येतो, तो सुटतो.

बाहेरदेशी माल पाठवायची इच्छा असेल तर डीजीएफटीच्या (केंद्राचं विदेश व्यापार कार्यालय) पोर्टलवर 500 रुपयांत आयात-निर्यात कोड मिळतो. लहान पार्सलांसाठी पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत. नावाला ट्रेडमार्क घेताना उद्यम प्रमाणपत्र जोडलं की ऑनलाइन फी 9,000 ऐवजी 4,500 लागते. अर्ज करण्याआधी ट्रेडमार्क कार्यालयाच्या ‘आयपी इंडिया’ पानावर तेच नाव कुणाचं आहे का हे फुकट शोधता येतं. ते न शोधता बोर्ड रंगवून घेणारे पुष्कळ.

पायरी सातवी: बातमी वाचायची कशी

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि आपल्या सगळ्यांचे मोबाइल तापले. महाराष्ट्र चेंबर या व्यापारी संघटनेनं पत्र लिहिलं, कंपनीनं भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. संताप रास्त होता. पण धंद्याच्या अंगानं त्या बातमीतला कामाचा भाग वेगळाच होता: कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय आणि तो एकट्या कोल्हापूरचा नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजयपूर अशा आठ जिल्ह्यांचा आहे. आणि नुसतं या जिल्ह्यात राहून भागत नाही, जीआय नोंदवहीत ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून तुमचं स्वतःचं नाव चढावं लागतं. त्या आठवड्यात स्टेटस ठेवणारे हजारो होते. त्यातल्या कितींनी हा अर्ज केला, हे शिवाजी मार्केटात चौकशी करून बघा. गुळाच्या जीआयलाही हाच नियम.

ग्रुपवर आलेल्या कुठल्याही ‘मोठ्या बातमी’ला तीन प्रश्न विचारायचे. कुणी काढली? कधीपासून लागू? माझ्या मालाला लागू आहे का?

उदाहरण घ्या. 3 सप्टेंबर 2025 ला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि रात्रीच फॉरवर्ड फिरला: ‘चपलांवर जीएसटी 5 टक्के.’ अर्धं खरं. दर लागू झाला 22 सप्टेंबरपासून, म्हणजे मधल्या अडीच आठवड्यांत जुन्याच दरानं बिल करायचं होतं. आणि 5 टक्के फक्त 2,500 रुपयांपर्यंतच्या जोडाला, त्यावरच्या जोडाला 18. चांगल्या हातशिलाईची, कापशी घाटाची जोडी 2,500 च्या वर सहज जाते. म्हणजे एकाच दुकानात, एकाच फळीवर दोन दर. फॉरवर्ड वाचून सगळ्या बिलिंग मशीनमध्ये 5 टाकणाऱ्याचा फरक शेवटी त्याच्याच खिशातून जातो.

खरं काय ते तीन ठिकाणी कळतं. केंद्राच्या निर्णयासाठी पीआयबी (पत्र सूचना कार्यालय), तिथं मराठीतही पत्रकं असतात. कराच्या दरासाठी सीबीआयसीची (केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळ) अधिसूचना, पत्रकार परिषदेतलं वाक्य नव्हे. राज्याच्या योजनांसाठी महाराष्ट्र शासनाचं शासन निर्णयांचं (जीआर) पान. हे पान तर मला फार आवडतं. वरच्या यादीतून उद्योग विभाग निवडा, तारीख टाका, मराठीत अख्खा जीआर पीडीएफमध्ये समोर. प्रत्येक जीआरला सांकेतांक असतो. ‘महिला उद्योजकांना सरसकट पाच लाख’ असा मेसेज आला की पाठवणाऱ्याला एवढंच लिहा: जीआरचा सांकेतांक पाठवा. पुढं शांतता.

पुढारी, सकाळ, लोकमत यांची कोल्हापूर आवृत्ती रोज चाळाच. वीजदर, एमआयडीसीतलं पाणी, रस्ते बंद, मोर्चे, पुराचा इशारा हे तिथंच आधी कळतं. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याला किती आहे हे जुलै-ऑगस्टमध्ये शिरोलीत ट्रक मागवणाऱ्यासाठी बाजारभावाइतकंच कामाचं असतं. गूळ, शेंगदाणा, मिरचीचे रोजचे भाव पणन मंडळाच्या वेबसाइटवर बाजार समितीनुसार मिळतात. यूट्यूबवरच्या ‘ब्रेकिंग’ व्हिडिओंना मी बातमी म्हणत नाही. दहा मिनिटांत नऊ मिनिटं ‘सबस्क्राइब करा’ असतं.

आठवड्यातून एकदा, दुकान बंद केल्यावर अर्धा तास एवढ्यासाठी ठेवा. रोज बघत बसलात तर धंदा कधी करणार?

पायरी आठवी: फसवणूक झालीच तर

गिऱ्हाइकानं पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट दाखवला म्हणजे पैसे आले असं नाही. साउंडबॉक्स बोलला किंवा बँकेचं अ‍ॅप उघडून रक्कम दिसली, तरच माल द्या. गर्दीच्या वेळी काउंटरवरच्या पोरालाही हे सांगून ठेवा. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. ‘लष्करातून बोलतोय, पन्नास जोड हवेत, पेमेंटसाठी हा कोड स्कॅन करा’ हा प्रकार जुना झाला तरी अजून चालतो. लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एपीके’ (फोनमध्ये परकं अ‍ॅप बसवणारी) फाइल आली तर उघडू नका, ओळखीच्या नंबरवरून आली तरी नाही. त्याचाच फोन हॅक झालेला असतो.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका. लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन, आणि सायबरक्राइम पोर्टलवर तक्रार. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, वेळ, रक्कम आणि समोरचा यूपीआय आयडी एका कागदावर लिहून मगच फोन लावा, तिकडून पहिल्यांदा हेच विचारतात. तक्रारीचा पोचक्रमांक मिळाला की तो घेऊन आपल्या बँकेच्या शाखेत जा आणि अर्जावर शिक्का घ्या. संशयित फोन नुसता आला असेल, पैसे गेले नसतील, तर संचारसाथी पोर्टलवर ‘चक्षू’मध्ये नंबर नोंदवता येतो. त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत.